विमलच्या पानावरच्या सतरा चुका

बाई, तुमच्या आठवी 'ब'च्या एक्केचाळीस वह्या मंगळवारपासून माझ्या टेबलावर पडून आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही. मुख्याध्यापकांनी शिपायाबरोबर गठ्ठा पाठवला आणि वर चिठ्ठी लावली: 'पगारे सर, जगतापबाईंचा शुक्रवारचा शेवटचा तास आपण घेणार का? नसल्यास इंग्रजीला देतो. शुक्रवारी सकाळपर्यंत कळवावे.' तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस होतायत आणि तुमच्या तासाची वाटणी सुरू झाली. यात रागावण्यासारखं काही नाही, शाळा अशीच चालते, असं तुम्हीच मला सांगितलं असतंत.

आज गुरुवार. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून पाणी प्यालो. खिशातलं लाल पेन काढून टेबलाच्या खणात टाकलं, परत काढलं, परत टाकलं. वरच्या परिच्छेदात 'परत' लिहावं की 'पुन्हा' असा एक किडा डोक्यात वळवळतो आहे, आणि मग लक्षात येतं की तो शब्द वरच्या परिच्छेदात नाहीच, याच परिच्छेदात आहे. अशी माझी अवस्था. तुमच्याशी बोलायचं तर तोंडाने बोलायला हवं होतं, त्याला आठ वर्षं मिळाली होती. ती घालवून आता मी कागदावर आलो आहे.

सुरुवातीपासून सांगतो. ती आपल्या दोघांना माहीत आहे, पण अर्धी तुम्हाला आणि अर्धी मला, असं इतके दिवस मी समजत होतो.

तुम्ही सासवडकडच्या. तुमच्या साहेबांची बदली धुळ्याला झाली म्हणून खानदेशात आलात आणि सोनगीरच्या पुढच्या फाट्यावरच्या आपल्या शाळेत मराठी शिकवायला लागलात. रोज सकाळी शिरपूर गाडीने आपण दोघं धुळ्याहून यायचो, तुम्ही खिडकीशी आणि मी बहुतेक वेळा दांडीला लटकून. पहिल्याच जूनमध्ये तुम्ही आठवीच्या पोरांना एक चाळीस पानी वही वेगळी काढायला सांगितली. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यात लिहायचं. आठवडाभरात काय कळलं, काय कळलं नाही, कशाचा राग आला, काहीही. मार्क नाहीत, शुद्धलेखन बघणार नाही, कुणाला दाखवणार नाही. आणि पोरं लिहीत असताना तुम्हीही खुर्चीत बसून स्वतःच्या वहीत लिहायचात. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, बाई नव्या आहेत, दोन महिन्यांत जिरेल. सगळ्यात मोठ्याने मी म्हणालो.

दुसऱ्या बाकावर विमल बसायची. बुटकी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, शाळेत यायला रोज तासभर चालणारी. तुम्ही पोरांना सांगितलं होतंत की वहीला नाव तुमचं तुम्ही द्या. विमलने पुठ्ठ्यावर लिहिलं: 'मनी वही'. ती वही घेऊन तुम्ही स्टाफरूममध्ये आलात त्या जवळजवळ पळतच. मी डबा उघडत होतो.

"पगारे सर, एवढं नाव बघा हो. तेरा वर्षांची पोर. मनी वही! मनातली वही! मी मराठीची एम.ए., मला नसतं सुचलं."

बाई, अहिराणीत मनी म्हणजे माझी. मनी माय, मनी शाळा, मनी वही. संपलं. घरी थोरल्या बहिणीच्या आणि हिच्या वह्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून पोरीने ते लिहिलं होतं. मी याच मातीतला, घरात हीच भाषा बोलत वाढलो, मला क्षणात कळलं. पण तुमचा चेहरा असा फुलला होता की मी भाकरीचा तुकडा मोडला आणि 'वा' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात 'मनी वही' लिहिलंत आणि सगळ्यांनी हेच नाव ठेवायचं का, असं विचारलंत. मी शेजारच्या वर्गावर होतो. पोरं एकमेकांना ढोसत होती आणि मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं ते भिंतीपलीकडे मला ऐकू आलं, "बाईस्ले आपली भाषा येस रे!" पुण्याकडची बाई फळ्यावर अहिराणी लिहिते म्हटल्यावर पोरं तुमची झाली ती झालीच. तुम्हाला वाटलं पोरं कवी आहेत, पोरांना वाटलं बाई आपल्यातल्याच आहेत. दोन्हीकडून चूक, आणि त्या चुकीवर तुमचा सगळा संसार उभा. दोन्ही बाजू ठाऊक असलेला मी एकटा. मी गप्प बसलो आणि कितीतरी दिवस गालातल्या गालात हसत राहिलो.

वह्या नुसत्या मनातलं ओकायला नव्हत्या, हे मला जरा उशिरा कळलं. तेही माझं नाक कापल्यावर. ऑगस्टमध्ये तुम्ही गाडीत अगदी साध्या आवाजात म्हणालात, "सर, एकाने लिहिलंय, निळा लिटमस ॲसिडमध्ये बुडवला तो तांबडा झालाच नाही. पण सर म्हणाले, झाला असं लिहा. खरं का हो?" नाव सांगितलं नाहीत, वही दाखवली नाहीत. मी लाल झालो, लिटमस झाला नव्हता तितका. त्या दिवशीचं ॲसिड जुनं होतं आणि कागद पावसाळी हवेने दमट झाले होते. वर्गातल्या साठच्या साठ प्रयोगवह्यांत 'निळा लिटमस तांबडा होतो' असं सुंदर अक्षरात अनुमान लिहिलेलं होतं, आणि त्या साठही वह्यांवर माझी बरोबरची खूण होती.

"तुम्ही काय उत्तर दिलंत त्याला?" मी विचारलं.

"उत्तर कशाला देऊ? खाली विचारलं, मग तुला काय वाटतं, तो का झाला नसेल?"

तुमची पद्धतच ती. पानाच्या खाली पेन्सिलीने एकच प्रश्न. 'छान' नाही, 'शाबास' नाही, सही नाही. कुणी लिहायचा, सकाळी पाणी भरलं, शाळेत आलो, घरी गेलो. तुम्ही विचारायचात, थंडीत पिकाला पाणी द्यायला बारं धरताना पायाला कसं वाटतं? पुढच्या शुक्रवारी अर्धं पान भरून यायचं. लिटमसवाल्याने पुढच्या आठवड्यात तीन कारणं लिहिली आणि त्यातलं एक बरोबर निघालं. मी नवीन ॲसिड मागवलं, प्रयोग परत केला आणि प्रयोगवहीत 'अनुमान'च्या वर एक ओळ वाढवली: 'मला काय दिसले'. तुमच्यामुळे वाढवली हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही ती ओळ बघितली होतीत, मला माहीत आहे, कारण त्या दिवशी तुम्ही तुमच्या डब्यातली लसणीची चटणी निम्मी मला दिलीत.

पण शुद्धलेखनावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी अजूनही मागे हटलेलो नाही, निदान पूर्ण नाही. पोरं त्या वहीत सरळ अहिराणी लिहायची आणि तुम्ही लिहू द्यायचात. मी म्हणायचो, बाई, तुमचं 'आहे' तुम्हाला घरबसल्या मिळालं. आम्हाला ते छड्या खाऊन मिळालं. आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी, विहारात सगळ्यांसमोर माझा सत्कार झाला, आणि पुढच्याच महिन्यात नोकरीच्या मुलाखतीत तोंडातून 'माझं शिक्षण बी.एस्सी. शे' असं निघून गेलं. टेबलापलीकडची तीन माणसं हसली. ती नोकरी गेली. तुम्हाला 'शे' गोड वाटतं, कारण त्यासाठी तुम्हाला कुणी हसलेलं नाही.

त्यावर तुम्ही म्हणालात, "सर, सोमवार ते गुरुवार मी 'आहे'च शिकवते. शुक्रवारी फक्त वाचते. पोरगी घरी ज्या भाषेत भांडते त्या भाषेत आधी लिहू तर द्या, मग बघू."

"मग बघू म्हणजे कधी?"

"तुम्ही फार तपासता हो, सर."

हा शब्द तुम्ही नेहमी टोचायचात. किती वह्या तपासायच्या राहिल्या, असं मी सहज विचारलं तरी तुमचं ठरलेलं उत्तर, "मी तपासत नाही, वाचते." मला तो नुसता शब्दांचा खेळ वाटायचा. मराठीवाल्यांना तेवढंच काम, असं मी तुमच्या पाठीमागे म्हटलेलंही आहे. तेही आज सांगून टाकतो.

आता जे सांगायचं त्याच्यापाशी आलो आणि परत पाणी प्यायला उठलो. माठ रिकामा झाला.

त्याच शालेय वर्षी मार्चमध्ये तुमच्या आई आजारी पडल्या आणि तुम्ही पाच आठवडे सासवडला गेलात. आठवी 'ब' माझ्याकडे आली. जाताना तुम्ही म्हणालात, "शुक्रवारचं तेवढं मोडू नका. वाचायला जमलं नाही तर नुसतं गोळा करून ठेवा, मी आल्यावर वाचीन." नुसतं गोळा करून ठेवलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मला तुमची जिरवायची होती. पाच आठवड्यांत पोरं कशी शुद्ध लिहितात हे तुम्हाला दाखवायचं होतं. पहिल्याच शुक्रवारी मी वह्या गोळा केल्या आणि लाल पेन घेऊन बसलो.

विमलचं पान माझ्यासमोर आहे, अगदी आत्ता. वही माझ्याकडेच आहे, ते पुढे सांगतो. तिने लिहिलं होतं:

'बाई, तुम्ही गावले गयात. आखाजीले मनं लगीन शे. घरमा बठ्ठा खूश शेतस. माले शाळा सोडनी नही. मी कोनले सांगं नही. तुम्ही कवय येशात?'

मी सतरा चुका काढल्या. बठ्ठा खोडून वर 'सर्व' लिहिलं. आखाजीले खोडून 'अक्षय्य तृतीयेला' लिहिलं आणि पोरं नेहमी चुकतात म्हणून त्यातला जोड य मुद्दाम ठळक काढला. 'मनं लगीन शे' खोडून माझ्या हाताने, लाल शाईत, 'माझे लग्न आहे' असं लिहिलं. बाई, मी ते लिहिलं आणि मला ते कळलं नाही. खाली शेरा मारला: 'सतरा चुका. शुद्ध करून पुन्हा लिहा.'

पोरगी आज्ञाधारक. पुढच्या पानावर तिने वळणदार अक्षरात लिहून आणलं. बाई, तुम्ही गावाला गेलात. अक्षय्य तृतीयेला माझे लग्न आहे. घरात सर्व खूश आहेत. मला शाळा सोडायची नाही. मी कोणाला सांगितले नाही. तुम्ही कधी येणार? एकही चूक नव्हती. मी तिच्यासमोरच खाली 'उत्तम' लिहिलं, सही केली आणि वही गठ्ठ्यात ठेवली.

तिसऱ्या शुक्रवारी विमल आली नाही. चौथ्याही. खानदेशात आखाजीच्या आधी पोरी गैरहजर राहतात, घरी कामं असतात, म्हणून मी हजेरीत लाल फुल्या मारत गेलो. तुम्ही आलात वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशी. वर्गात पाऊल टाकताच तुमची नजर दुसऱ्या बाकावर गेली. दुपारपर्यंत तुम्हाला पोरींकडून सगळं कळलं होतं आणि संध्याकाळी तुम्ही तिच्या गावाला गेलात. तिच्या वडिलांनी हात जोडले म्हणे, "बाई, आते पत्रिका वाटी झायात." त्याच वर्षी दिवाळीनंतर तुम्ही दुसऱ्या एका मुलीच्या बापाला ओट्यावर बसून दोन तास समजावलं होतंत आणि त्याने दहावीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. म्हणजे जमलं असतं. मला तर आणखी सोपं होतं. विमलचे वडील माझ्या ओळखीचे, त्यांना मी भाऊ म्हणायचो. त्यांचं गाव माझ्या गावापासून सायकलवर पाव तास. आणि माझ्या हातात पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "सर, विमलची वही कुठाय?"

"तिने दिलीच नाही," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ नाही, जेमतेम मला डोळे फिरवता येतील एवढाच. वही तेव्हा माझ्या पिशवीत होती. घरी नेऊन पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या डिग्रीच्या कागदांखाली ठेवली.

त्यानंतर आठ वर्षं आपण एकाच गाडीने आलो, एकाच टेबलावर जेवलो. विमलच्या पानानंतर मी 'मनी वही'ला परत लाल पेन लावलं नाही, तुमच्या रजेतही नुसत्या गोळा करून ठेवल्या. त्याचं कारण तुम्ही विचारलं नाहीत. एकदा मी सांगायला अगदी तोंड उघडलं होतं. मे महिना होता, फाट्यावर लिंबाच्या सावलीत आपण दोघंच, डांबर तापलेलं, गाडीचा पत्ता नाही. मी म्हणालो, "बाई, ते विमलचं..." तुम्ही छत्री खाली घेतलीत आणि पूर्ण वळलात. "बोला ना, सर." आणि वळणावर शिरपूर गाडी दिसली. ती उलट दिशेची होती, आपली नव्हतीच. तरी मी म्हणालो, "काही नाही, गाडी आली."

आणि दर जूनमध्ये, पोरांच्या वह्या घेताना, तुम्ही माझ्याही टेबलावर एक चाळीस पानी ठेवायचात. "लिहा कधीतरी. शास्त्रवाल्यांना मन नसतं असं कुठे लिहिलंय?" मी हसायचो. एकीत वेळापत्रकाचा कच्चा खर्डा केला, एक भाच्याला दिली, एक कितीतरी महिने चहाच्या किटलीखाली होती. यंदाची कोरी राहिली होती. हे मी तिच्यात लिहितो आहे.

रविवारी मी देवपुरात तुमच्या घरी गेलो. साहेब ओसरीवर बसले होते, त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. आत बायकांमध्ये एक तरुण बाई होती, उन्हाने रापलेली, मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. ती उठून बाहेर आली.

"सर, वळखं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी विमल. आठवी ब."

बाई, मला खाली बसायला हवं होतं, पण मी आधीच बसलेलो होतो. तिने सहज सांगितलं, शिरपूरकडे दिली, कापसाचं रान आहे, पोरगी यंदा पहिलीत घातली. मग म्हणाली, "बाई दर आखाजीले येत. मी सासरथून माहेरले येऊ, त्या धुळ्याथून येत. नवी वही आनेत, जुनी तठेच बसीसन वाचेत. आठ वह्या झायात सर."

दर आखाजीला. आमच्याकडे त्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. तुम्हाला त्या दिवशी सुटीत काय काम असतं म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, माहेरी जाते. मला वाटलं, सासवडला.

मी म्हणालो, "विमल, ती आठवीतली वही..."

"ती तुमनाकडे शे ना," ती म्हणाली. "मी बाईस्ले तवयच सांगं. पहिलीच आखाजीले."

"काय सांगितलंस?"

"बठ्ठं. तुम्ही चुका काढ्यात, मी परत लिखं, तुम्ही उत्तम लिखं." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. पुढे ती जे बोलली ते मी रविवारपासून सारखं ऐकतो आहे. "माले वाटनं, सरलेबी उत्तम वाटस, मंग बराबरच व्हई."

साहेब आमच्याकडे बघत होते, त्यांना यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. मी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"म्हनेत, सर सोताच सांगतीन. आपन वाट देखू." मग तिला एकदम काही आठवलं आणि तशा त्या घरातही तिला हसू आलं. "आनी सर, मनी म्हंजे माझी, हाईबी मीच सांगं त्यास्ले. इतल्या हासन्यात, इतल्या हासन्यात का डोयामा पानी उनं. म्हनेत, पगारे सरस्ले सांगू नको. त्या गालमा हासतस, ते माले आवडस."

म्हणजे ते गुपितही माझं एकट्याचं नव्हतं. तुम्ही सगळं जाणून होतात, मनीचंही आणि वहीचंही, आणि आठ वर्षं माझ्या शेजारी बसून चटणी वाढत होतात.

मला तुमचा राग आला आहे, बाई. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण आला आहे. पोरांच्या प्रत्येक पानाखाली प्रश्न लिहिणाऱ्या तुम्ही, मला एक प्रश्न विचारता आला नाही? सर, तुम्ही असं का केलंत? पाच शब्द. मी कोसळलो असतो आणि सुटलो असतो. उठून फेऱ्या मारताना मी हे तुम्हाला मोठ्याने म्हटलंसुद्धा, शेजारच्यांना वाटलं असेल मास्तरला वेड लागलं. मग परत बसलो आणि आठवलं, तुम्ही विचारलं होतंत. विमलची वही कुठाय, हा प्रश्नच होता. त्याचं मी खोटं उत्तर दिलं. आणि मग दर जूनमध्ये तोच प्रश्न तुम्ही न लिहिता माझ्या टेबलावर ठेवत आलात, चाळीस पानं उत्तराला जागा सोडून. मी त्यावर किटली ठेवली.

रविवारी निघताना मी विमलला म्हणालो, मी ती वही जपून ठेवली आहे. मला वाटलं, ती म्हणेल राहू द्या सर, आता काय करायची. आपल्याकडे माणसं असंच म्हणतात. पण विमलने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मनी वही शे ती, सर. आनी द्या."

तुम्ही 'मनी'चा अर्थ मनातली असा लावलात तेव्हा मला वाटलं होतं, किती मोठा अर्थ काढला बाईंनी, आणि खरा अर्थ किती साधा आहे. बाई, तो साधा नव्हता. तिच्या लग्नाची तारीख तिची नव्हती, शाळा तिची राहिली नव्हती. माझी म्हणावी अशी तिच्याकडे एक वही होती आणि ती मी आठ वर्षं दडवून ठेवली. येत्या रविवारी शिरपूर गाडीने जाऊन तिला ती देणार आहे. तुमच्यासारखं खिडकीशी बसून जाईन म्हणतो, पण जागा मिळेल असं वाटत नाही.

काल इथपर्यंत लिहून थांबलो होतो. आज शुक्रवार. सकाळी मुख्याध्यापकांना सांगितलं, तास इंग्रजीला देऊ नका. ते म्हणाले, "पण सर, तुम्ही तर या प्रकाराच्या विरुद्ध होतात." मी म्हणालो, अजूनही अर्धा आहे. त्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी वहीत नोंद केली.

शेवटच्या तासाला एक्केचाळीस वह्या दोन्ही हातांत धरून वर्गात गेलो. तुमच्या खुर्चीत बसावं की उभं राहावं, यात दोन मिनिटं गेली. पोरांनी माझ्या खिशाकडे आधी बघितलं. मी सांगितलं, लाल पेन घरी विसरलो. हे खोटं होतं, मुद्दाम ठेवून आलो होतो, पण माझं सगळं एका दिवसात सुधारणार नाही. वह्या वाटल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, बाईंवर लिहिलं तर चालेल?"

"चालेल."

"घरना भाषामा?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळ्या वर्गाने माना वर केल्या. माझी कीर्ती पोरांपर्यंत पोचलेली आहेच.

"चाली," मी म्हणालो.

बाई, चौदा वर्षांच्या नोकरीत वर्गात उभं राहून उच्चारलेला माझा तो पहिला अहिराणी शब्द. कुणी हसलं नाही. एक्केचाळीस माना खाली गेल्या. मग मी तुमच्या खुर्चीत बसलो आणि तुम्ही लिहायचात तशी माझीही वही उघडली. बराच वेळ काही सुचेना. शेवटी विमलच्या पानावरचं शेवटचं वाक्य लिहिलं. त्यात मी तेव्हा दोन चुका काढल्या होत्या. आज एकही काढली नाही.

बाई, तुम्ही कवय येशात?